मध्ययुगीन इंग्रज बिशपचं चरित्र कसं उभं करायचं: विंचेस्टरच्या विल्यम विकमच्या कागदांवरून

मध्ययुगातल्या एखाद्या इंग्रज बिशपवर लिहायला बसलं, की भक्तीपासून सुरुवात करण्याचा मोह होतो. लहानपणापासून धार्मिक वृत्ती, मग दीक्षा, मग धर्मसेवा, शेवटी बिशपपद. चौदाव्या शतकातल्या बहुतेक इंग्रज बिशपांना हा साचा बसत नाही. त्यांतले कितीतरी जण आधी राजाच्या दफ्तरातले माणूस होते, वेदीपुढे ते बरेच उशिरा आले. म्हणून माझा आग्रह असतो की पहिला प्रश्न हा विचारावा: या माणसाला पैसे कोण देत होतं आणि कोणत्या कामाचे? याचं उत्तर हाताशी आलं की बाकीचे कागद आपापल्या जागी बसायला लागतात.

ही पद्धत मी एकाच माणसावर चालवून दाखवतो. विल्यम ऑफ विकम. जन्म १३२४, इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या हॅम्पशर परगण्यातल्या विकम गावी. मृत्यू २७ सप्टेंबर १४०४ रोजी बिशप्स वॉल्टमच्या वाड्यात. साध्या स्वतंत्र शेतकरी घरातला हा मुलगा दोनदा इंग्लंडचा चॅन्सेलर, म्हणजे राजाचा मोठा शिक्का सांभाळणारा मुख्य मंत्री, झाला आणि देशातल्या सर्वांत श्रीमंत धर्मप्रांतावर ३७ वर्षं बसला. सुरुवात त्याच्यापासून करा, कारण त्याचे कागद भरपूर आहेत, छापलेले आहेत आणि घरबसल्या पाहता येतात.

आधी शब्द पक्के करा

मराठीत या विषयाचे शब्द नाहीत असं समजून लोक लेखभर इंग्रजी शब्दांची रांग लावतात. वसईच्या मराठी कॅथलिक समाजात धर्मप्रांत, धर्मग्राम, धर्मगुरू हे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. ते बिनदिक्कत वापरा. कॅनन, प्रेबेंड, आर्चडीकन हे तसेच ठेवा आणि पहिल्या वेळी एका ओळीत अर्थ सांगा. कॅनन म्हणजे कॅथेड्रलच्या (बिशपच्या मुख्य चर्चच्या) मंडळातला सभासद, प्रेबेंड म्हणजे त्या जागेला जोडलेलं उत्पन्न, आर्चडीकन म्हणजे धर्मप्रांताच्या एका भागाचा कारभार पाहणारा अधिकारी.

एका शब्दापासून मात्र जपून राहा. धर्मपदाला जोडलेल्या उत्पन्नाला ‘वतन’ म्हणावंसं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण वतन बापाकडून मुलाकडे जातं. हे उत्पन्न माणसाबरोबर संपतं, आणि ते पुढे कोणाला द्यायचं हा हक्क भलत्याच कोणाकडे असू शकतो. त्या हक्कावरून इंग्लंडमध्ये अखंड भांडणं झाली. ‘वतन’ लिहिलंत की वाचकाला ती भांडणं कळणारच नाहीत.

आणखी एक जोडी पाठच करा: बिशपची ऐहिक मालमत्ता आणि त्याचे धार्मिक अधिकार. जमीनजुमला, वाडे, शेतसारा हे पहिल्यात येतं आणि ते राजाकडून मिळतं. दीक्षा देणं, धर्मगुरू नेमणं, मठांची तपासणी करणं हे दुसऱ्यात येतं आणि ते चर्चकडून मिळतं. राजा पहिलं काढून घेऊ शकतो, दुसरं नाही. विकमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं संकट या भेदाशिवाय समजत नाही.

माणूस तोच आहे ना?

त्या काळी आडनावं पक्की नव्हती. ‘विकमचा विल्यम’ म्हणजे विकम नावाच्या कुठल्याही गावचा कुठलाही विल्यम. नॉरफोकमधल्या इरस्टेड गावच्या धर्मगुरुपदावर १३४९ साली याच नावाचा एक माणूस आला. जुन्या चरित्रकारांनी तो आपलाच विकम धरून त्याला पंचविसाव्या वर्षी धर्मगुरू करून टाकलं. पण इरस्टेडच्या माणसाला कागद चॅप्लेन म्हणतात, म्हणजे दीक्षित धर्मगुरू. आपला विकम १३६१पर्यंत नुसता क्लर्क होता. क्लर्क म्हणजे डोक्यावरचे केस वर्तुळाकार काढलेला, चर्चच्या शिस्तीत आलेला, पण वेदीपुढे उभं राहण्याचा अधिकार नसलेला माणूस. एका उपाधीवरून दोन माणसं वेगळी झाली. म्हणून नावाची नोंद सापडली की आधी नावाशेजारचा हुद्दा वाचा.

शोधताना नावाची सगळी स्पेलिंगं वापरा. वाय असलेलं, आय असलेलं, मधला ई गळलेलं. फ्रेंच बखरकार फ्र्वासार तर त्याला ‘विकान’सारखं काहीतरी लिहितो.

तारखांचा तक्ता

ज्यांनी मोडी कागद वाचताना सुहूर सन आणि राज्याभिषेक शक जुळवले आहेत, त्यांना ही पायरी जड जाणार नाही. बाकीच्यांनी इथे सावकाश चाला.

राजाच्या कचेरीतले कागद राज्यवर्षाने तारीख देतात. तिसऱ्या एडवर्डचं पहिलं वर्ष २५ जानेवारी १३२७ला सुरू झालं. म्हणून २५ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळातल्या तारखेसाठी राज्यवर्षात १३२६ मिळवा, १ ते २४ जानेवारीसाठी १३२७. ‘राज्यवर्ष ३०, ३० ऑक्टोबर’ म्हणजे ३० ऑक्टोबर १३५६. त्या दिवशी विकमची विंडसर किल्ल्याच्या बांधकामावर देखरेख्या म्हणून नेमणूक झाली.

बिशपची कचेरी वेगळं मोजते, बिशपच्या अभिषेकापासून. विकमचा अभिषेक १० ऑक्टोबर १३६७चा. त्यामुळे ‘आमच्या अभिषेकाचं विसावं वर्ष’ म्हणजे १० ऑक्टोबर १३८६ ते ९ ऑक्टोबर १३८७.

तिसरा खड्डा सगळ्यात फसवा आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा सन बदलायचा तो २५ मार्चला. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजची पायाभरणी ५ मार्चची. जुन्या गणनेने ती १३७९ची, आपल्या गणनेने १३८०ची. कॉलेजची सनद २६ नोव्हेंबर १३७९ची आहे. वर्ष बदलायला विसरलात तर तुमच्या लेखात सनदेच्या आठ महिने आधीच पाया पडेल.

तक्त्याला चार रकाने करा: मूळ कागदावरची तारीख, आपल्या गणनेची तारीख, ठिकाण, आणि नोंद कोणत्या कचेरीतली. शेवटचा रकाना टाळू नका. पुढे दोन कागदांत विसंवाद आला की निवाडा त्यावरूनच होतो.

पैशाचा माग काढा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

हिशेबाची रीत अशी: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. शिवाय ‘मार्क’ नावाचं मोजण्यापुरतं एकक होतं, १३ शिलिंग ४ पेन्सचं, म्हणजे पाऊंडाचा दोनतृतीयांश. या नावाचं नाणं पाडलं जात नव्हतं, पण हिशेब त्यात चालायचा.

विंडसरला विकमला रोज १ शिलिंग मिळायचा. कामासाठी बाहेर जावं लागलं तर २ शिलिंग, आणि त्याच्या कारकुनासाठी आठवड्याला ३. रोजच्या शिलिंगाचे वर्षाला ३६५, म्हणजे १८ पौंड ५ शिलिंग. बरा पगार, पण श्रीमंती नव्हे.

आता दहा वर्षं पुढे या. एका माणसाकडे अनेक धर्मपदं असू नयेत म्हणून पाचव्या अर्बन पोपने १३६६मध्ये सगळ्यांकडून आपापल्या पदांची आणि उत्पन्नाची यादी मागवली. विकमची यादी शिल्लक आहे. एकट्या लिंकनच्या आर्चडीकनपदाचे ३५० पौंड, खाली एकेका कॅथेड्रलची प्रेबेंडं, आणि एकूण बेरीज वर्षाला ८७३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. आकडा विचित्र दिसतो ना? मार्कात करून पाहा. नेमके १,३१० मार्क येतात. असा वेडावाकडा पाऊंडातला आकडा दिसला की आधी मार्कात फिरवून बघायचं. तो गोल झाला तर तो खरा जमाखर्च असण्यापेक्षा ठरावीक अंदाज असण्याची शक्यता जास्त. मला या कागदाचं फार अप्रूप आहे, कारण माणूस स्वतःच्या सहीशिक्क्याने स्वतःची मिळकत सांगतोय.

पगाराच्या जवळजवळ ४८ पट मिळकत, आणि राजाच्या तिजोरीतून जादा एक पेनी न जाता. अशी चालत होती ही व्यवस्था. राजाला हुशार कारभारी हवेत, तिजोरी फ्रान्सच्या युद्धात रिकामी, मग मोबदला चर्चच्या उत्पन्नातून द्यायचा. त्या पदांचं प्रत्यक्ष काम कोणीतरी थोड्या पैशांत करायचा.

विकमचं पहिलं पद या दृष्टीने बारकाईने पाहा. नोव्हेंबर १३५७मध्ये राजाने त्याला नॉरफोकमधल्या पुलमचं धर्मगुरुपद दिलं. पुलमवर नेमणूक करण्याचा हक्क मुळात ईलीच्या बिशपचा. पण त्या बिशपचं राजाशी बिनसलं होतं, त्याची ऐहिक मालमत्ता राजाने जप्त केली होती आणि तिच्याबरोबर नेमणुकीचा हक्कही राजाच्या हातात आला होता. पोपच्या दरबारातून हरकत आली आणि १३६१पर्यंत विकमला पुलम निर्वेधपणे मिळालं नाही. जप्ती काय असते हे त्याने असं आधी लाभार्थी म्हणून पाहिलं.

विंडसरची एक लोककथा तुम्हाला इथेच भेटेल. विकमने भिंतीवर लॅटिनमध्ये ‘होक फेकित विकम’ असं कोरलं, राजा रागावला, तेव्हा विकम म्हणाला, ‘हे विकमने घडवलं’ असा अर्थ नाही, ‘याने विकमला घडवलं’ असा आहे. लॅटिनच्या व्याकरणात दोन्ही अर्थ बसतात, म्हणून गोष्ट टिकली. तिला तक्त्यात जागा देऊ नका. वेगळ्या पानावर ‘दंतकथा’ म्हणून लिहून ठेवा.

बिशप एका दिवसात होत नाही

‘अमुक साली बिशप झाला’ हे वाक्य जवळजवळ नेहमी अपुरं असतं. विकमच्या पायऱ्या पाहा. ५ डिसेंबर १३६१ला अकोलाइट, १२ मार्च १३६२ला सबडीकन (या दोन्ही धर्मगुरुपदाच्या खालच्या दीक्षा), १२ जून १३६२ला धर्मगुरू. सात महिन्यांत सगळं उरकलं, तेही वयाच्या अडतिशीत. दीक्षा देणारा विंचेस्टरचा बिशप विल्यम एडिंग्टन हा स्वतः राजाचा जुना खजिनदार आणि चॅन्सेलर. घाई का? पुढच्या मोठ्या पदांसाठी ती दीक्षा लागणार होती. १३६३मध्ये तो राजाच्या खासगी शिक्क्याचा रक्षक झाला. फ्र्वासारने त्या दिवसांबद्दल लिहिलंय की सगळं त्याच्या हातून होई आणि त्याच्यावाचून काहीच होत नसे.

एडिंग्टन ७ ऑक्टोबर १३६६ला वारला. विंचेस्टर कॅथेड्रल बेनेडिक्टाइन मठवासीयांचं असल्याने निवडीचा हक्क मठाचा. राजाने नाव सुचवलं, मठाने निवडलं. पण पोप आपल्या अधिकाराने नेमू पाहत होता आणि नेमणुकीच्या या हक्कावरून लंडन आणि त्या काळात पोपचा दरबार जिथे असे ते अविन्यों यांच्यात जुनी रस्सीखेच होती. पोपचं नेमणूकपत्र निघालं ते १४ जुलै १३६७ला. अभिषेक १० ऑक्टोबर १३६७, लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये. विंचेस्टरच्या आसनावर तो प्रत्यक्ष बसला ९ जुलै १३६८ला. तोवर तो चॅन्सेलरही झाला होता.

निवड, नेमणूक, अभिषेक, आसनग्रहण या चार तारखा आणि मालमत्ता ताब्यात मिळण्याची पाचवी, अशा पाच ओळी लिहा. दोन पुस्तकांत बिशपपदाची वेगवेगळी वर्षं दिसली तर बहुधा कोणीच चुकलेलं नसतं, ते वेगवेगळ्या ओळी वाचत असतात.

नोंदवही वाचायची कशी

प्रत्येक बिशपच्या कचेरीत एक नोंदवही असे. विकमची दोन खंडांत १८९६ आणि १८९९ साली छापली गेली, पुष्कळ ठिकाणी मजकूर आवळून. तिची स्कॅन केलेली पानं आणि राजाच्या सनदांचे इंग्रजी गोषवारे इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात, त्यामुळे लॅटिन येत नसलं तरी बरंच काम होतं. विंचेस्टरच्या जमिनीचे वार्षिक हिशेब तर १२०८-०९पासूनचे हॅम्पशरच्या अभिलेखागारात आहेत. युरोपात इतकी सलग हिशेबमालिका क्वचितच.

नोंदवही पहिल्या पानापासून वाचत सुटू नका, थकाल. आधी फक्त ठिकाणं उतरवा. साउथवर्क, फार्नम, ईशर, हायक्लिअर, बिशप्स वॉल्टम ही नावं पुन्हा पुन्हा येतील. साउथवर्कचा वाडा लंडन ब्रिजच्या पलीकडेच, म्हणजे दरबाराच्या जवळ. बिशप कॅथेड्रलशेजारी राहतो ही आपली समजूत या यादीने मोडते. यादी करताना एक काळजी घ्या: बिशप राजाच्या कामात असला की त्याचा व्हिकर जनरल कारभार बघायचा. नोंद बिशपच्या नावाची असली तरी बिशप त्या खोलीत होता असं धरू नका.

मग एकच प्रकरण घेऊन त्यात उतरा. माझं आवडतं १३८७चं. विकमने रॉम्झीच्या ननांच्या मठाला लांबलचक आदेश धाडला. त्यात तो म्हणतो की काही नन चर्चमध्ये पक्षी, ससे आणि शिकारी कुत्रे घेऊन येतात, त्यांचं लक्ष प्रार्थनेपेक्षा या प्राण्यांकडेच असतं, त्यांचं स्तोत्रपठण बिघडतं आणि शेजारणींचंही. हे यापुढे बंद. एका ओळीत चर्चचा गारवा, सशाची खुडबुड आणि पेंगुळलेली पहाटेची प्रार्थना सगळं दिसतं. पण थांबा. असे आदेश लिहिताना कचेऱ्या जुन्या आदेशांतली वाक्यं जशीच्या तशी उचलत. म्हणून त्याच मठाला आधीच्या बिशपांनी काय लिहिलं होतं ते ताडून पाहा. जे आधी कुठेच नाही, ते त्या वर्षीचं खरं गाऱ्हाणं असण्याची शक्यता मोठी.

पडझड: दोन प्रकारच्या साक्षी

१३७१च्या पार्लमेंटने मागणी केली की राजाचे मंत्री धर्मगुरू नसावेत. युद्धात पैसा जातोय, विजय येत नाही, राग कारभाऱ्यांवर. विकमने चॅन्सेलरपद सोडलं. १३७६च्या ‘गुड पार्लमेंट’मध्ये तो दरबारातल्या भ्रष्टाचाराविरुद्धच्या बाजूला दिसतो. पार्लमेंट उठल्यावर राजाचा मुलगा जॉन ऑफ गाँट याने उलटा डाव टाकला आणि विकमवरच गैरकारभाराचे आरोप ठेवले.

आरोप बरेच होते, टिकला एकच, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. जॉन ग्रे ऑफ रॉदरफिल्ड या सरदाराने जमिनीच्या व्यवहाराच्या परवानगीसाठी ८० पौंड भरायचे होते. विकमने चॅन्सेलर असताना ते ४० केले आणि सरकारी गुंडाळीतली नोंद बदलायला लावली. चर्मपत्रावरची शाई चाकूने खरवडून वर नवं लिहिता येतं. सूट देणं एक वेळ चाललं असतं, पण नोंदीला हात लावणं कायद्याच्या दृष्टीने भारी पडलं. इथे विकमचा वकीलही होऊ नका, न्यायाधीशही. रक्कम, तारीख, कोणाची तक्रार आणि कोणाचा फायदा, एवढं लिहा.

१७ नोव्हेंबर १३७६ला त्याची ऐहिक मालमत्ता जप्त झाली आणि दरबाराच्या २० मैलांच्या आत यायला मनाई झाली. आता ती सुरुवातीची जोडी आठवा. वाडे गेले, शेतसारा गेला, बिशपपद राहिलं. म्हणूनच १३७७च्या सुरुवातीला धर्मसभा भरली तेव्हा लंडनचा बिशप विल्यम कोर्टनी अडून बसला, की विकमला बोलावल्याशिवाय काम पुढे जाणार नाही. राजापाशी गुन्हेगार असलेला माणूस चर्चच्या सभेत सन्मानाने आला.

मालमत्ता १८ जून १३७७ला परत मिळाली, तिसरा एडवर्ड मरण्याच्या तीन दिवस आधी. सेंट ऑल्बन्सच्या मठातला बखरकार म्हणतो की विकमने राजाची प्रेयसी ॲलिस पेरर्स हिला पैसे चारले. असेलही. पण हा बखरकार गाँट आणि ॲलिस दोघांवर जळफळणारा, हे त्याच्या पानापानावर दिसतं. दफ्तरी नोंद कोरडी असते आणि हेतू सांगत नाही. बखर हेतू सांगते आणि त्याला रंग देते. दोन्ही शेजारी ठेवून, कोणतं वाक्य कुठून आलं हे वाचकाला दिसेल असं लिहा.

दगडांकडे कागद म्हणून पाहा

विकमची ऑक्सफर्डमधली न्यू कॉलेज आणि विंचेस्टर कॉलेज ही एकाच योजनेची दोन टोकं. विंचेस्टरला ७० गरजू मुलांनी लॅटिन शिकायचं आणि तिथून ऑक्सफर्डच्या ७० जागांवर जायचं. विंचेस्टरची सनद २० ऑक्टोबर १३८२ची, मुलं आत गेली २८ मार्च १३९४ला. १३४८-४९च्या महामारीत धर्मगुरू फार मोठ्या संख्येने मेले होते आणि शिकलेल्यांची वाण पडली होती. उत्पन्नाची पदं गोळा केलेल्या माणसाने तो पैसा कुठे लावला, याचं उत्तर इथे मिळतं, आणि मला ते मनापासून मोठं वाटतं.

कॅथेड्रलचा मधला भाग त्याने १३९४पासून नव्या शैलीत करायला घेतला, गवंडी विल्यम विनफर्ड. जुने नॉर्मन खांब पाडून टाकले नाहीत, दगड तासून त्यांतूनच नव्या उभ्या रेषा काढल्या. फोटो पाहताना आधी दोन बाजूंच्या आडव्या भागांतलं जुनं जाडजूड काम पाहा, मग मधला भाग. आत काय दडलंय ते लगेच कळतं.

मृत्यूनंतरचं एक पान जास्त

मृत्युपत्र २४ जुलै १४०३चं आहे. त्यात कोणाला काय ठेवलं याची यादी करा, कारण आयुष्यभराची माणसं तिथे एकत्र भेटतात. पुरलं त्याला त्याच कॅथेड्रलमध्ये, खांबांच्या मधल्या त्याच्या छोट्या चॅपलमध्ये. समाधीवर तो झोपलेला आहे आणि पायाशी तीन चिमुकले मठवासी हात जोडून बसलेत.

पण फाइल तिथे बंद करू नका. आसन रिकामं झाल्यावर ते कोणाला मिळालं ही नोंद नेहमी घ्या. विकमनंतर विंचेस्टर मिळालं ते लिंकनचा बिशप हेन्री बोफर्ट याला, आणि हेन्री बोफर्ट हा जॉन ऑफ गाँटचा मुलगा.